सहा नंबरचा पीळ

सोमवार, ५ फेब्रुवारी

आज रुजू झाले. निघताना आईने विचारलं, शेजारीण विचारते, तुझं काम नक्की काय म्हणून सांगू? म्हटलं, सांग, माझी लेक रोबोंच्या वेण्या घालते. अगदीच खोटं नाही ते. कारखान्यातल्या आमच्या शॉपमध्ये वेल्डिंग करणारे आठ रोबो आहेत. प्रत्येकाच्या हातावर केबलींचा मनगटाएवढा जाड जुडगा बांधलेला असतो. त्यात वीज, गॅस, पाणी, वेल्डिंगची तार. हात वळला की जुडगाही वळतो. ताणून बांधला तर तुटतो, सैल सोडला तर लोखंडाला घासतो नाहीतर ठिणग्यांनी जळतो. तो नेमका हवा तेवढा सैल ठेवायचा, ही माझी नोकरी.

वेल्डरकाका भेटले. तीस वर्षं त्यांनी हाताने वेल्डिंग केलं, आता रोबोपुढे सुटे भाग लावून देतात. रोबोंना ते जावई म्हणतात. रुसले की सगळं घर ताटकळतं म्हणे. फोरमनसाहेब मऊ बोलणारे आहेत. त्यांनी स्वतः सगळं फिरवून दाखवलं. मजेत गेला दिवस. ही वही खिशात मावते, मापंही यातच लिहीन.

मंगळवार, ६

प्रत्येक रोबोभोवती जाळी आणि जाळीला एकच फाटक. आत जायचं तर वीज तोडायची, मुख्य स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. ती खिशात आहे तोवर रोबो कुणालाच चालू करता येत नाही. मला हा नियम फार आवडला.

बाकी रोबोंच्या केबली तीन-तीन महिने टिकतात, सहा नंबरची नऊ दिवसांत पिळवटून निकामी होते. माझ्याआधी हे काम करणाऱ्याला सगळे लंबूदादा म्हणत. तो सोडून गेला, असं फोरमनसाहेबांनी सांगितलं. त्याचं कपाट मला मिळालंय. वरच्या कप्प्याला माझा हात पोचत नाही.

गुरुवार, ८

दोन दिवस स्टूल टाकून सहा नंबरसमोर बसले आणि चोर सापडला. एका खुर्चीच्या सांगाड्याला चौदा जोड, बावन्न सेकंद. पण दर चाळीस-पन्नास सांगाड्यांनंतर तो एक भलतीच हालचाल करतो. मनगट दीड वेढा फिरवतो, फाटकाकडे वळतो, दोन सेकंद थांबतो आणि कामाला लागतो. थांबतो तेव्हा केबलीचा फास होऊन खाली लोंबतो. प्रोग्रॅम उघडला तर त्यात हात कुठे न्यायचा ते सांगणारा एक जादा बिंदू होता, कशाशीच संबंध नसलेला. पुसून टाकला. फोरमनसाहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. आईने शेजारणीला सांगितलं असणारच.

शुक्रवार, ९

बिंदू परत आलाय. फोरमनसाहेब म्हणाले, जुनी प्रत लोड झाली असेल. जुन्या प्रतीतूनही पुसला. दुपारी पुन्हा तीच हालचाल. फासाची जमिनीपासून उंची मोजली. १५७ सेंटीमीटर.

सोमवार, १२

१५० सेंटीमीटर. सकाळपासून तीनदा पुसला. आज मी जेवायला बसलेच नाही. उभ्यानेच दोन घास खाल्ले आणि परत जाळीशी गेले. बसलं की वाटतं, मागे तो वळला असेल.

वेल्डरकाकांना सहज विचारलं, लंबूदादा किती उंच होता? त्यांनी स्वतःच्या डोक्याच्या वीतभर वर हात धरला आणि थोड्या वेळाने तोच हात खाली आणून, लंबूदादाचा गळा येईल तिथे, हवेतच थांबवला. त्यांच्याही लक्षात आलं नसावं. मी नंतर त्या जागेचं माप घेतलं. १५७.

मंगळवार, १३

१४४. रोज खाली येतंय.

घरी आईला शिवणाची टेप घेऊन माझ्या गळ्याची उंची मोजायला सांगितली, जमिनीपासून. ती म्हणाली, गळा असा कोण मोजतं, बाई? पण मोजलं. १३१.

बुधवार, १४

आज वेल्डरकाकांनी सामानाच्या खोलीत बोलावून सांगितलं. लंबूदादा नोकरी सोडून गेला नाही. माल अडला होता, म्हणून कुलूप न लावताच त्याला आत पाठवलं. तो केबल बांधत होता. पुढे काय झालं ते कुणीच पाहिलं नाही, सगळे जेवायला गेले होते. आले तेव्हा जुडगा त्याच्या गळ्याभोवती होता, जीव गेलेला. फोरमनसाहेब त्या दिवशी रजेवर होते, असं कागदावर आहे. वेल्डरकाका शेवटी म्हणाले, “त्याला सोडवायला तो जुडगा मीच कापला, पोरी. पुढच्या आठवड्यात बघतो तर परत तोच बसवलेला, जोड देऊन. तेव्हापासून मी त्या जावयाकडे मान वर करून बघत नाही.”

१३८.

गुरुवार, १५

कुलूप लावून आत गेले, जुडग्यावरचं नवं आवरण चिरलं. आतला एक तुकडा जुना आहे. दोन्ही टोकांना जोड. नवी टाकलेली फक्त बाकीची केबल, तीच दर नऊ दिवसांनी बदलली जायची. त्या तुकड्याला कधीच काही होत नाही.

फोरमनसाहेबांना सांगितलं, अख्खा जुडगा काढायचा. ते म्हणाले, महिनाअखेर होऊ दे. म्हटलं, मग मी वर लेखी कळवते, लंबूदादाच्या नावासकट. तेव्हा म्हणाले, उद्या जेवणाच्या सुट्टीत काढू, मी स्वतः थांबतो. उगाच बोभाटा नको.

१३४.

शुक्रवार, १६, सकाळ

रात्रभर कुशी बदलल्या. आई म्हणते, मी झोपेत आकडे बोलत होते. नोकरी गेली खड्ड्यात, जाऊ नकोस, म्हणाली. मलाही तसंच वाटलं. पण मी गेले नाही तर माझ्या जागी कुणीतरी येईल. सहा नंबर त्याचीही उंची घेईल.

शुक्रवार, दुपार

आत आहे. कुलूप मीच लावलंय. वीज तुटलेली. चावी खिशात.

जुडगा धरून ठेवणारा पहिला क्लॅम्प सोडला आणि रोबोचा हात हलला. वीज नसताना हलू शकत नाही. हलला. आवाज नाही, दिवा नाही. जुडगा खांद्यावरून आला, गळ्याभोवती एक वेढा. मागे खांब. कटर पडला, दोन हातांवर, पोचत नाही.

फोरमनसाहेब फाटकात होते. दुसरा कटर आणतो म्हणाले. गेले.

हलले की घट्ट होतो. लिहिताना फक्त बोटं हलतात, तेवढं चालतं. म्हणून लिहितेय. ओरडून पाहिलं — शॉपमध्ये कुणी नाही, कॉम्प्रेसर चालू आहे.

पाच मिनिटं झाली असतील.

अजून नाही.

टाचा उचलून उभी आहे. श्वास —

आले. कटर नाही हातात. रोबो चालवायचा रिमोट आहे. माझी चावी मागतायत. म्हणाले, जुडगा कापायला नको, हात जरासा मागे फिरवला की आपोआप सुटशील.

मी नाही म्हटलं. वेल्डरकाकांना बोलवा म्हटलं.

आत आलेत. मऊच बोलतायत, नेहमीसारखं. म्हणतायत, घाबरू नकोस, मागच्या वेळी माझी दिशा चुकली होती, या वेळी —

माझ्या खिशात हात घात