पांढरी म्हणून मागवलेली गाडी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा (जो अजून सुधारलेला नाही) वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला गेला का? आमच्याकडे आजारी कोणी नाही, फक्त मला एका जागी बसवत नाही. हे पत्रही निम्मं ओट्याशी उभं राहून लिहितो आहे.

हिची लांबच्या शाळेत बदली झाली, हे तुला ठाऊक आहेच. जायला दोन बस, यायला दोन बस. एक दिवस ही शांतपणे म्हणाली, "मी तिकडेच खोली घेते. शनिवारी येत जाईन." ओरडली असती तर मी घाबरलो नसतो, शांतपणे म्हणाली, म्हणून घाबरलो. तोंडातून निघून गेलं, गाडी घेऊ! (मला चालवता येत नाही. हिला येते.) नवी आवाक्याबाहेरची, इथल्या जुन्या गंजलेल्या. तेवढ्यात परदेशातून वापरलेल्या गाड्या मागवणारा एक एजंट भेटला. त्याला सगळे शंभरटक्के म्हणतात, कारण कसलीही शंका काढा, तो म्हणतो, "शंभर टक्के होणार." त्याने फोटो दाखवले. पांढरीशुभ्र, एका नर्सबाईंनी जपून वापरलेली. मी भाळलो.

जहाज निघालं. मोबाइलच्या नकाशावर ते ठिपक्याएवढं दिसतं. दीड महिना मी तो ठिपका बघत होतो. मध्ये चार दिवस तो हललाच नाही, आणि माझं चष्म्याच्या दुकानात लक्ष लागेना. एका गृहस्थांना मी उण्याच्या जागी अधिक नंबरची काच लावली. त्यांनी शेजारी बसलेल्या स्वतःच्या बायकोला परकी बाई समजून नमस्कार केला. ही म्हणाली, "अहो, जहाज तुमच्या बघण्यावर चालत नाही!" तरी मी बघतच राहिलो.

शेवटी बंदरावर गेलो. तीन खिडक्या, चार शिक्के, आणि मग शेडमध्ये रांगेने उभ्या गाड्या. पांढरी कुठेच नाही. कारकुनाने कागद पाहून एका पोपटी गाडीकडे बोट केलं. मी म्हणालो, ही पोपटी आहे. तो म्हणाला, "नंबर जुळतोय ना? रंग आम्ही तपासत नाही." शंभरटक्केला फोन लावला, तर म्हणे, "साहेब, फोटो उन्हात काढले होते."

शिवाय गाडी सुरू झाली की आतून एक बाई परक्या भाषेत बोलू लागते. मेकॅनिकने हात टेकले. वळण आलं की तिचा आवाज चढतो. ही मात्र खुशाल तिला मराठीत उत्तरं देत रोज शाळेत जाते आणि साडेपाचला घरी येते. खोलीचा विषय पुन्हा निघाला नाही. एवढं होऊनही माझी घालमेल का थांबत नाही, ते खाली लिहितो.

तुझा,
धाकटा

ता. क. : गाडी खरंच छान आहे. भाऊजींना आवडेल.

ता. क. २ : आवडायलाच हवी. परदेशातून कायमचा परतलेला माणूसच अशी गाडी आणू शकतो, हे शंभरटक्केने उशिरा सांगितलं. आपल्यात तसे एक भाऊजीच. गेल्या खेपेस गॅसच्या अर्जावर म्हणून त्यांची सही घेतली, तो अर्ज गॅसचा नव्हता. चुकलो, पण ही तिकडे खोली बघून आली होती गं. गुरुवारी बंदरावरचा तपासनीस गाडीच्या मालकाला भेटायला तुमच्या घरी येतो आहे. तेव्हा बुधवारी, भाऊजींचं जेवण पोटभर झालं की, नवी गाडी घेतल्याबद्दल त्यांचं अभिनंदन कर.