बॅरेंड लोट्रीट यांच्या हरणाबाबत

मी, हेस्टर लोट्रीट, कै. बॅरेंड लोट्रीट यांची पत्नी, राहणार क्लिपड्रिफ शेत, फ्रेझरबर्ग, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या हट्टाने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधीची रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हे विचारपूर्वक रागावून लिहिले आहे.

१. घर, मेंढ्या, पवनचक्की व बँकेतील शिल्लक माझी मुलगी सुसारा हिला द्यावी. पवनचक्की कुरकुरते. तिला तेल द्यावे, शिव्या देऊ नयेत.

२. बॅरेंड यांची रायफलही सुसारालाच. ती माझ्या सासऱ्यांची. तिचा चाप इतका जड होता की ओढता ओढता नळी हलायची आणि गोळी भलतीकडे जायची. तोवर हरीण चरणे आटोपून निघून गेलेले असायचे. बॅरेंड दोष वाऱ्याला देत. चाप हलका करून घ्या म्हटले की म्हणत, "माझ्या वडिलांनी कधी तक्रार केली का?" वडिलांनीही कधी काही मारले नव्हते.

बोटाला ताकद यावी म्हणून ते व्हरांड्यात पाण्याची बादली बोटाला टांगून बसत. ती बादली कोणालाही द्यावी.

३. पुढे त्यांची बोटे सांध्यांत सुजली. मग मी शेजारी पालथी पडायची आणि आम्ही दोघे मिळून चाप ओढायचो. ते म्हणत, "हेस्टर, तीन म्हटलं की ओढ." हरणे दोनलाच पळत. दर हिवाळ्यात शेजारी गिडियन मारिट्झ हरणाची एक तंगडी आणून देई आणि म्हणे, "घ्या वहिनी. बॅरेंडदादाचा वारा यंदाही उलटाच होता म्हणे."

४. त्यांच्या शेवटच्या हिवाळ्यात मी रायफल गावातील बंदूक-दुरुस्तीवाले श्री. गोवेंदर यांच्याकडे नेली. त्यांनी चापाला वजनाचा स्प्रिंगकाटा लावून ओढला. काटा टोकाला जाऊन थांबला, चाप जागचा हलला नाही. ते म्हणाले, "बाई, हा चाप नाही, फाटकाची कडी आहे." आत जुने ग्रीस डांबरासारखे घट्ट झाले होते. त्यांनी ते साफ केले, स्प्रिंग बदलली आणि दस्ता जमिनीवर आपटून चाप आपोआप सुटत नाही ना, ते पाहिले. मी म्हटले, "अजून थोडा हलका करा." ते म्हणाले, "नाही. शिंक आली म्हणून सुटेल असला चाप माझ्या दुकानातून जात नाही." सुसाराने यात फेरफार करू नये.

५. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा शिकारीला गेलो त्या सकाळी बॅरेंड म्हणाले, "बोट लाव." मी म्हटले, "आज तुम्हीच ओढा." त्यांनी नेहमीसारखे तोंड वाकडे करायला घेतले. ते पुरते वाकडे होण्याआधीच बार झाला आणि हरीण जागेवर पडले. बॅरेंड उठले, मागे वळून ओरडले, "गिडियन! कुठून मारलंस रे?" आणि दगडांमागे त्याला शोधू लागले. गिडियन तेव्हा घरी अंघोळ करत होता. मी लाख सांगितले, ऐकले नाही. हरीण गाडीत घालून त्याच्याकडे पोचवले. "तुझं हरीण, बाबा." आणि गिडियनने ते घेतले! केस ओले होते, तरी घेतले!

संध्याकाळी मी रिकामी रायफल बॅरेंड यांच्या हाती दिली. त्यांनी चाप ओढला. कट्. पुन्हा ओढला. कट्. मग टोपी घालून ते गिडियनकडे गेले. त्याने मांस वाळत टाकले होते. "मीच मारलं," तो म्हणाला. "तूच सांगितलंस की." बॅरेंड परत आले आणि जेवले नाहीत. वसंतात गेले.

६. म्हणून मी जाहीर करते की ते हरीण बॅरेंड लोट्रीट यांनी, एकट्याच्या बोटाने, एका गोळीत मारले. गिडियनच्या बैठकीत लटकलेली शिंगे त्यांचीच आहेत. सुसाराने ती आणून आमच्या दारावर लावावीत.

७. साक्षीदाराने प्रत्येक पानावर सही करावी लागते, असे वकील सांगतात. त्यासाठी मुद्दाम गिडियनलाच बोलावले आहे. तो स्वयंपाकघरात माझी कॉफी पीत बसला आहे, चष्मा घरी विसरला आहे. आत्ताच ओरडून विचारतो, "वहिनी, यात माझ्यासाठी काय आहे?"

"तुझी सही," मी म्हटले.

हेस्टर लोट्रीट (सही)

साक्षीदार:
१. सिवलिंगम गोवेंदर (सही; वाचून)
२. गिडियन मारिट्झ (सही, पान एक, दोन व हरणाचे पान)

क्लिपड्रिफ, फ्रेझरबर्ग
१४ जुलै २००९