सहा व्होल्टांचे मडके

दिग्रस,
वैशाख, १९६३

श्रीयुत विठ्ठलराव व्याहीबुवा, मुक्काम बाभुळगाव, यांना पुंडलिकरावाचा दोन्ही हात जोडून रामराम.

आपली प्रकृती उत्तम असेल, विहीणबाईंचे गुडघे या उन्हाळ्यात जरा सबुरीने घेत असतील आणि आमची कोकिळा आपल्या घरी पोळ्या पातळ लाटत असेल, अशी आशा करतो (जाड लाटत असल्यास तो वारसा तिच्या आईकडचा). इकडे सर्व ठीक. ठीकच्याही वर आहे. काल आपला रेडिओ आमच्या ओसरीवर वाजला. बॅटरीशिवाय, भिंतीतल्या विजेवर. आनंदाच्या भरात मी ओसरीभर माझी चप्पल शोधत होतो, ती पायातच होती.

आपल्या गावी वीज पोचली तरी मला उशीर झाला, हे कबूल. कोकिळेच्या हळदीत अख्ख्या मांडवादेखत मीच बोललो होतो की आपल्या गावात वीज आली म्हणजे ती मोटारीची बॅटरी एस.टी.च्या टपावर चढवून चार्जिंगला दिग्रसला पाठवण्याची कटकट मी कायमची मिटवीन. विजेवरूनच रेडिओला सहा व्होल्ट पुरवणारा एलिमिनेटर स्वतःच्या हाताने करून देईन. तेव्हापासून आपला रेडिओ माझ्याकडे आणि माझी कोकिळा आपल्याकडे. विहीणबाई तिला येता-जाता म्हणतात, "तुया बापानं आमचा रेडिओ गिळला काय वं?" हे मला कंडक्टर लालसिंगांनी सांगितले (मी मनावर घेतले नाही, नुसते लक्षात ठेवले). माझी अक्कल काढली तर चालेल. ती मी कॉलेजात न जाता, रद्दीतली मासिके वाचून, मोठ्या कष्टाने आत घातलेली आहे, सहजासहजी निघायची नाही. पण माझ्यापायी पोरीला सासरी मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी ही सारी यातायात.

एलिमिनेटर झटकन झाला. पण त्याला आपला रेडिओ एकदम जोडणे शहाणपणाचे नव्हते. बैल बाजारात कितीही गुबगुबीत दिसो, भरल्या गाडीला जुंपल्याशिवाय त्याचे खरे कळत नाही. आणि पहिल्याच खेपेला गाडीत व्याह्याला बसवू नये. म्हणून हवा होता खोटा भार, म्हणजे रेडिओइतकीच वीज खाणारी, पण बिघडली तर कोणी रडणार नाही अशी वस्तू. मोटारीचे दिवे लावून पाहिले. ते थंड असताना अधाशासारखे खातात आणि तापले की हात आखडतात. असा पाहुणा मला चालत नाही. शेवटी मडक्यात पाणी घेतले, चिमटीचिमटीने मीठ घातले (मीठ वाढले की भार वाढतो) आणि आत लोखंडाच्या दोन पट्ट्या समोरासमोर टांगल्या. पट्ट्या जवळ आणल्या की भार वाढतो, दूर नेल्या की उतरतो. मीटरचा काटा सहा व्होल्टांवर असा उभा राहिला, जसा तपासणीला आलेल्या साहेबापुढे मास्तर. मग मडक्यावर धुतलेले फडके बांधून ते स्वयंपाकघरात गारव्याला ठेवले (मीठपाणी तापले की भार बदलतो, हे मासिकात नव्हते, मी शोधले).

दुसऱ्या दिवशी तपासतो तो काटा पाचावर. मग चारावर. यंत्र कमजोर आहे असे समजून मी ट्रान्सफॉर्मर उकलला, तारेचे वेढे वाढवले. काटा सहावर आला आणि रात्रीतून पुन्हा घसरला. पुन्हा वेढे वाढवले, तार जाड घेतली. संत्र्याएवढा ट्रान्सफॉर्मर नारळाएवढा झाला आणि नारळाचा भोपळा झाला. कापसाच्या जिनिंगमधले मिस्त्री युनूसभाई पाहायला आले आणि म्हणाले, "पुंडलिकराव, रेडिओ वाजवून राह्यले का सरकी पिळून राह्यले?"

अशात एके दुपारी सौ. भागीरथीने माझ्या ताटात खारातली कैरी वाढली. रंगाने जरा काळी, पण चवीला अशी, की मी आणखी दोन मागून घेतल्या आणि विचारले, यंदा खार कधी घातला.

"तुमीच तं घालून ठेवलता, फडकं बांधून," ती म्हणाली. "अळणी होता. म्या कैऱ्या सोडल्या अन् रोज मूठभर मीठ टाकलं. अन् त्यात थे लोखंड कायले टाकलं तुमी? कैऱ्या काळ्या पडल्या ना."

तात्पर्य, व्याहीबुवा, मी जे बळ वाढवत होतो ते आपल्या रेडिओसाठी नसून लोणच्यासाठी होते. पण जे झाले ते मजबूत झाले. पट्ट्या बोटभर दूर सरकवल्या, मडके आणि आपला रेडिओ एकाच यंत्राला जोडले, आणि काटा बरोबर सहावर. लगेच कापसाचे भाव सुरू झाले. ते इतके गोड मी कधी ऐकले नव्हते (भाव पडलेले होते). तेवढ्यात सौ.ने शेजारच्या हजराबींसाठी वाटीभर खार काढला, तर रेडिओचा दिवा लख्ख झाला आणि भाव सांगणारा एकाएकी ओरडू लागला. मी "खार घाल" म्हणून ओरडलो. तिने वाटी परत ओतली, तो शांत झाला. ओसरीवर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या आणि सौ.कडून तो खेळ पुन्हा करवून घेतला.

रेडिओ उद्याच्या गाडीने लालसिंगांसोबत रवाना करतो. विहीणबाईंना सांगावे, गिळलेले परत येत आहे. लहानांना आशीर्वाद, थोरांना दंडवत.

आपला,
पुंडलिकराव

ता. क. रेडिओसोबत भोपळ्याएवढी एक पेटी येईल आणि एक मडकेही येईल. मडके यंत्राचाच भाग आहे. ते न जोडता रेडिओ लावल्यास नऊ व्होल्ट जातात आणि आत बसलेल्या सगळ्या व्हॉल्व्हना स्वर्ग दिसतो.

आणखी ता. क. मुख्य विनंती राहिलीच. मडक्याला कोकिळेशिवाय कोणी हात लावू नये, विहीणबाईंनीसुद्धा. मिठाचा अंदाज तिलाच आहे, आईच्या हाताखाली शिकलेली. रेडिओ लावायचा झाला म्हणजे घरातल्यांनी तिला "कोकिळाबाई, जरा मडकं पाहता का" असे गोडीने विचारावे. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने हे फार आवश्यक आहे.

शेवटचे ता. क. सौ. विचारते, वाढवलेले वेढे काढून टाकले असते तर मडके लागलेच नसते ना. लागले नसते. पण व्याहीबुवा, एवढी ओळ घरात वाचून दाखवू नये.