अनुयाचे ब्याण्णव टक्के

३ नोव्हेंबर, सोमवार
ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये पर्सनॅलिटी टेस्ट झाली. जबाबदारीत मला एक्क्याण्णव टक्के! अख्ख्या अलिबाग ब्रँचमध्ये पहिला. स्वभाव कळला की माणूस पुढे काय करणार ते आधीच सांगता येतं, असं ट्रेनर म्हणाले. पटलं. घरी येऊन अनुयाचीही टेस्ट भरली. ती पालीला माहेरी आहे, त्यामुळे उत्तरं मीच दिली. समजूतदारपणा ब्याण्णव. म्हणजे रुसवा फार टिकणार नाही. सासूबाईंच्या ऑपरेशनला येतो म्हणालो होतो, राहून गेलं, एवढंच तर कारण.

५ नोव्हेंबर, बुधवार
अनुयाचा फोन. आवाज शांत. म्हणाली, रविवारी न्यायला ये, समोरासमोर बोलू. या वेळी आला नाहीस तर मी माझं बघते. हो म्हटलं. सकाळची पहिली एसटी. अलार्म लावलेला नाही. एक्क्याण्णववाल्याला कशाला लागतो?

७ नोव्हेंबर
वाडीत सुपारी गोळा करायला काशी आली होती. वहिनींना कधी आनताय, असं विचारलं. म्हटलं, रविवारी. तर म्हणाली, मागच्या वेळेला पन तुमी असंच बोलले, गेले न्हाय. तिला समजावलं की एका प्रसंगावरून स्वभाव ठरवायचा नसतो. व्हय म्हणाली आणि सुपाऱ्या वेचत राहिली.

९ नोव्हेंबर, रविवार, सकाळ
एसटी गेली. झोपलो होतो असंही नाही. जागाच होतो, पंख्याकडे बघत. दुसरी गाडी आहे. पण नीट विचार केला तर न जाणंच बरोबर. समजूतदार बायको आपण होऊन येते. मध्ये मी गेलो तर टेस्ट खरी की खोटी ते कळणार कसं?

दुपार
अनुयाचा कॉल. वाजून वाजून थांबला.

१६ नोव्हेंबर, रविवार
टेस्ट खरी निघाली. अनुया आपण होऊन आली. टेम्पो घेऊन.

अजिबात भांडली नाही. कपडे, पुस्तकं, शिलाई मशीन. काशीने हात लावला. मी दारात मध्येच उभा होतो, अनुयाने सांगितल्यावर बाजूला झालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून मोबाइलवर माझा रिझल्ट दाखवला. 'दिलेला शब्द पाळता का?' याला माझं उत्तर होतं 'नेहमी'. तिने विचारलं, कुणाला दिलेला? आठवेपर्यंत टेम्पो सुरू झाला.

वाईट वाटलं नाही. काहीच वाटलं नाही. संध्याकाळी चहा ठेवला, साखर सापडेना. तिला फोन केला. तिने पहिल्या रिंगला उचलला. वरच्या फळीवर, पोह्यांच्या डब्यामागे, असं सांगितलं आणि ठेवला. ब्याण्णवच.

साखर तिथेच होती. तेव्हा वाईट वाटलं.