सात हजारांची झेंडी

४ फेब्रुवारी १९४३, लोरियाँ, फ्रान्स

उद्या शुक्रवार! शुक्रवारी मोहिमेला निघालेली पाणबुडी परत येत नाही, असं आमच्या जर्मन खलाशांचं ठाम मत. पंपाचं काम अर्धवट आहे, तरी आजच दोर सोडले. बँड वाजला, टोप्या हलवल्या, आणि धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर नांगर टाकून बसलोय! मिस्त्री उद्या होडीतून येणार. हसावं की रडावं! पण कमांडर झाला तरी त्याने शुक्रवारशी वाकडं घेऊ नये.

९ फेब्रुवारी

बायकोचं, गेसाचं पत्र पुन्हा वाचलं. "हारोची काही खबर नाही. पूर्वेकडे कुठल्यातरी मालजहाजावर आहे, एवढंच." तिचा धाकटा भाऊ, तेवीस वर्षांचा. जाताना मला म्हणाला होता, "दाजी, मी चहाची पेटी आणतो, तुम्ही गळ्यातला क्रॉस आणा. बघू आधी कोण घरी येतं!"

एक लाख टनांची जहाजं बुडवल्याशिवाय क्रॉसचं पदक नाही. माझे चौऱ्याण्णव हजार झालेत. सासरेबुवा खाली दोन ओळी खरडतात, "गळा अजून मोकळाच ना, जावईबापू?" खवचट म्हातारा! या खेपेला दाखवतोच.

१७ फेब्रुवारी

बिनतारी संदेश. अझोर बेटांच्या पश्चिमेला एक पट्टा आखून दिलाय. तिथून आपली मालजहाजं शत्रूचा वेष घेऊन येणार. पट्ट्यात एकटं जहाज दिसलं तर हात लावायचा नाही.

२४ फेब्रुवारी

ढग. आठ दिवस सूर्य नाही. आपण कुठे आहोत ते अंदाजानेच.

२६ फेब्रुवारी

बुडवलं! सकाळी सात वाजता. एकटंच, इंग्रजी बांधणीचं, सात हजार टन तरी नक्की. एकाच टॉर्पेडोत आडवं!

टील, माझा पहिला अधिकारी, नकाशावर वाकून म्हणत होता, "साहेब, आपण पट्ट्याच्या आत आहोत. तीन मैल."

"कशावरून? सूर्य दिसला का तुला?"

"नाही. पण..."

"मग माझ्या पेन्सिलीने आपण बाहेर आहोत." आणि खूण केली. असल्या वेळी घुटमळणारे जन्मभर दुय्यमच राहतात!

एक होडी सुटलेली दिसली. माणसं हात हलवून ओरडत होती. शिव्याच असणार. एरवी जवळ जाऊन जहाजाचं नाव विचारतो, पण समुद्र खवळलेला होता. थांबलो नाही.

एक लाख एक हजार!!

१० मार्च

खलाशांनी चादर फाडून झेंडी शिवली. त्यावर काळ्या रंगात ७०००. मीही दोन टाके घातले, वाकडे.

११ मार्च, लोरियाँ

झेंडी फडकवत आत आलो. फुलं, बँड, बिअर. दाढीत फुलं अडकलेला माझा फोटोही काढला!

तासाभरात आमच्या पाणबुडी ताफ्याच्या चीफने खोलीत बोलावून दार लावलं. नोंदवही पुढ्यात उघडी. "ती झेंडी उतरव."

"का, साहेब?"

"आपलं जहाज होतं ते. 'वेसरग्रुंड'. पूर्वेकडून, बटावियाहून रबर आणि क्विनाइन घेऊन येत होतं. सव्वीस तारखेला सकाळी सातला त्याचा शेवटचा बिनतारी संदेश आला, पट्ट्यातूनच. तू आत होतास, ब्रोडरसन."

मी नोंदवही पुढे ओढून ते पान पाहिलं.

मग ते म्हणाले, पान फाड. नवं लिही, इंग्रजी जहाज म्हणून. "क्रॉसची शिफारस गेली आहे, आता मागे घेतली तर प्रश्न उठतील. कुणापाशी ब्र काढायचा नाही. बायकोपाशीसुद्धा नाही."

टीलकडे बघवत नाही. पण युद्धात असं होतंच. चुकतो तो एकटा मीच नाही. नवं पान सुवाच्य अक्षरात लिहिलं.

२० मार्च, हुसुम, घरी

गेसाने दारातच क्रॉस हातात घेतला. रडली, हसली. सासरेबुवांनी चक्क सलाम ठोकला!

मग ती म्हणाली, "हारोला हरवलंत तुम्ही! पण येतोय हं तो. त्याच्या मित्राचं पत्र आलंय, नाताळात निघाला म्हणून. जहाजाचं नावही कळलं, 'वेसरग्रुंड'. त्याची खोली पुसून ठेवलीय."

मी म्हणालो, "बरं केलंस."