जयंतीच्या आधीचे रविवार

आई, यंदा मी लेझीम खेळायला जाऊ लागले. विहाराच्या पटांगणात दर रविवारी संध्याकाळी बायका जमतात, त्यांच्यात. तुला हे सांगू नये असं वाटत राहतं आणि सांगावंसंही वाटतं. तू होतीस तेव्हाही तुला वाचता येत नव्हतं, घरी आलेलं प्रत्येक पत्र मीच वाचून दाखवायचे. तेव्हा हे पाठवायचा प्रश्नच नाही.

माझं आता असं झालंय की दवाखान्यातली ड्युटी संपवून घरी आले की कुलूप काढतानाच बसावंसं वाटतं. तुझे जावई गेले, मुलगा पुण्याला. एका माणसापुरता भात लावायचा आणि तोही उरतो. आमच्या गल्लीतली अंगणवाडीची बाई लेझमीचा गट चालवते, ती मला बोलवायला सारखी यायची. मी गुडघेदुखी पुढे करायचे. एकदा ती म्हणाली, खेळू नका, नुसत्या येऊन बसा. मला नाही म्हणायचाही कंटाळा आला होता, म्हणून गेले. हौस वगैरे काही नव्हती.

सातवीत गॅदरिंगच्या नाचासाठी बाईंनी माझं नाव घेतलं, तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. तू उसाची खुरपणी करून आली आहेस, चुलीपुढे भाकरी थापते आहेस. पात्यांनी चिरलेल्या हातांना पीठ झोंबत असणार. मी दारातूनच बातमी सांगते. तू हातातली भाकरी तव्यावर टाकतेस, तिच्यावर पाणी फिरवतेस आणि मग म्हणतेस, "तू नाचनार न्हाई." मी रडते, भांडते, वर्गातल्या सगळ्या पोरी आहेत म्हणते. तू माझ्याकडे न बघता बोलतेस. "त्यांना नाचू दे. मी नाचलेय. माज्या आईसंगं, पाटलाच्या वरातीपुढं. पाय थांबला की शिव्या, आन शेवटी शिळी भाकर. मग आपन धर्म कशापायी बदलला?" त्यानंतर तू त्याविषयी कधी बोलली नाहीस. दुसऱ्या दिवशी कामाचा खाडा करून शाळेत आलीस आणि बाईंना नाही सांगून गेलीस. गॅदरिंगला मात्र मला घेऊन गेलीस, सतरंजीवर अगदी पुढे बसवलंस आणि शेवटपर्यंत उठली नाहीस. परतताना एवढंच म्हणालीस, "ती कडंची पोरगी, तिचा पाय सारका मागं पडत हुता." मी रुसलेली होते. आता वाटतं, किती बारीक बघत होतीस तू.

पहिल्या रविवारी मी पायरीवर बसून राहिले. दुसऱ्या खेपेला कुणीतरी हातात लेझीम दिली. ती एवढी जड असेल असं वाटलं नव्हतं. हलगी सुरू झाली, सगळ्या खाली वाकल्या, मी वाकले तेव्हा त्या उठत होत्या. थोड्या वेळात खांदा भरून आला आणि मी पुन्हा पायरी गाठली. तिथे एक म्हातारी पाण्याची कळशी सांभाळत बसायची. तिला मी बोलून गेले की माझ्या आईला हे चाललं नसतं, आणि पाटलाच्या वरातीचंही सांगितलं. ती म्हणाली, "माज्या सासूला बी न्हाई. मी तिला इचारलंच न्हाई. ती गेल्यावर आले." आणि माझ्यापुढे पेला धरला.

तरी मी जात राहिले. रविवारचा तेवढा वेळ मी कुणाचा ताप बघत नव्हते, सलाईन लावत नव्हते. मागच्या रांगेत कुठे हात चुकला तरी कुणाचं बिघडत नव्हतं. माझा हात चुकतच राहिला, तो काही सुधारला नाही.

जयंतीच्या दिवशी आम्ही सगळ्यांनी पांढऱ्या, निळ्या काठाच्या साड्या नेसल्या. मिरवणूक आपल्या देवळालीच्या पेठेतून निघाली. पाटलाच्या त्या घरासमोर, जिथल्या वरातीपुढे तू नाचली होतीस, आता गाळे झालेत. मोबाईलचं दुकान आहे, वर पाटलाची नातवंडं गच्चीत उभी राहून शूटिंग करत होती. हलगीवाल्यांनी तिथे मुद्दाम जोर धरला. आमच्या बायकाही पेटल्या. आणि नेमकी तिथेच मी थांबले. लेझीम खाली घेतली, रांगेतून बाहेर आले आणि कडेनं चालायला लागले.

अंगणवाडीच्या बाईने ते पाहिलं. तुझी गोष्ट तिला एव्हाना त्या म्हातारीकडून कळली होती. मिरवणूक संपल्यावर ती माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "तुमच्या आईचा मान राखला तुम्ही." आजूबाजूच्या बायकाही ऐकत होत्या. मी मान खाली घातली आणि तसंच राहू दिलं. आता त्या माझ्याशी जरा वेगळ्या आदराने बोलतात. परवाच्या रविवारी मला पहिल्या रांगेत घेतलं.

खरं तुला तरी सांगते. तिथे मला तुझी आठवण आलीच नव्हती. मला धाप लागली होती. तुझी आठवण आली ती घरी गेल्यावर, कोमट पाण्यात पाय सोडून बसले तेव्हा.