आईने भाजलेले नान

जिनिव्हा, गुरुवार

प्रिय आई,

तुझ्या पिठाने माखलेल्या हातांचा आधी मुका घेते. मी बरी आहे, वेळेवर जेवते. इस्तंबूलला थंडी पडली का? तुझा गुडघा कसा आहे?

अब्लिकिमदादाच्या कैद्यांच्या छावणीतल्या फोटोवर आणि बाकीच्या पुराव्यांवर चर्चाच करायची नाही, असं आज इथल्या मानवी हक्क परिषदेत मतदानाने ठरलं. आपल्याच धर्माच्या एका देशाचे प्रतिनिधी काल फोटो बघून रडले होते, तू भाजून दिलेले नान खाऊन दादासाठी दुआ मागत होते. आज त्यांनीही चर्चेच्या विरोधात मत दिलं. बाहेर गाठलं तर म्हणाले, "पोरी, तुम्हा उइगुरांचं सगळं मला पटलंय. मग आणखी चर्चा कशाला?"

तू विचारशीलच म्हणून सांगते. नान त्यांना फार आवडले. उरलेले मुलांसाठी बांधून नेले.

आता कुणासाठी भाजू नकोस.

तुझीच,
झुल्हायात